धामणगावच्या माणसाला शॅम्पेनचं काय कळतं?

माझ्या अशिलाविरुद्ध आलेल्या अर्जाच्या दोनशे बारा पानांच्या गठ्ठ्यात नऊ नंबरच्या अ‍ॅनेक्श्चरला धामणगाव बढ्याचा नकाशा लावलेला होता. अ‍ॅनेक्श्चर म्हणजे अर्जाला पुरावा म्हणून जोडलेला कागद. नकाशा आकाशातून काढलेला. त्यात रस्ता दिसत होता, शेतं दिसत होती आणि एका घराभोवती लाल गोल केला होता. दहा नंबरला इंग्रजी पेपरातली एक बातमी होती. आमच्या जिल्ह्यात कापूस कसा बुडाला आणि शेतकरी कसे हलाखीत आहेत, याची.

"हे काऊन लावलं असंल, साहेब?" प्रल्हादभाऊंनी विचारलं. लाल गोलातलं घर त्यांचंच होतं.

मला कळलं नव्हतं. पण वकिलाने अशिलापुढे कळलं नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पाहू."

मी मोताळ्याला वकिली करतो. बांधाचे वाद, वाटण्या, आणि बी.टी. कापूस आल्यापासून बियाण्याच्या केसेस. बी.टी. म्हणजे ज्याला बोंडअळी लागत नाही असं कापसाचं बियाणं. पाकिटावर तरी तसं छापलेलं असतं. अळीने ते पाकीट वाचलेलं नसतं. मग शेतकरी माझ्याकडे येतो, मी ग्राहक मंचात अर्ज टाकतो, कंपनीचा वकील तारीख घेतो, पुढच्या खेपेला मी घेतो, आणि दोघंही बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा पितो. शॅम्पेन म्हणाल तर क्रिकेटवाले जिंकल्यावर एकमेकांच्या अंगावर उडवतात तेवढीच माझी ओळख.

प्रल्हादभाऊंची ओळख मात्र मोठी होती. हा माणूस अठरा वर्षं बोटीवर होता. समुद्रात हिंडणारी, श्रीमंत प्रवाशांची ती मोठी बोट. तिथे जेवणघरात भांडी उचलण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी शॅम्पेनचा सगळा साठा त्यांच्या ताब्यात होता. कोणती बाटली किती थंड ठेवायची, कशी आडवी ठेवायची, कशी उघडायची, खरी कोणती, नकली कोणती. पुढे गुडघे गेले, म्हणून गावी परत आले. भावाबरोबर शेती पाहू लागले आणि जोडीला इंग्रजीत एक वेबसाइट काढली. महागड्या शॅम्पेनची माहिती देणारी. कोणाची जाहिरात नाही, कोणाची मिंधेगिरी नाही. नकली बाटली कशी ओळखायची, यावर त्यांची वीस पानं होती. फोटोंसकट.

ती साइट वाचून मुंबई-गोव्याची हॉटेलं त्यांना नव्या वेटर लोकांना शिकवायला बोलवायची. कापसाने लागोपाठ तीन वर्षं हात दाखवला तेव्हा त्यांचं घर त्याच कामावर उभं होतं.

वाद होता साइटच्या नावाचा. डोमेन नेम म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. एका नावाचा पत्ता जगात एकच, आणि आधी नोंदवेल त्याचा. सातबाऱ्यासारखंच, फक्त मध्ये तलाठी नाही. प्रल्हादभाऊंनी नाव नोंदवताना त्यात फ्रान्समधल्या एका फार मोठ्या शॅम्पेन कंपनीचं नाव घातलं होतं आणि पुढे 'मार्गदर्शक' या अर्थाचा इंग्रजी शब्द. कारण पहिला लेख त्या कंपनीच्या बाटल्यांवर होता. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. या केसनंतर नावांच्या बाबतीत मी जपून असतो.

आता कंपनी म्हणत होती, ते नाव आमचं आहे, आम्हाला द्या.

असा वाद कोर्टात जात नाही. नाव नोंदवताना अटींची जी लांबलचक पानं आपण न वाचता 'मान्य' करतो, त्यातच लिहिलेलं असतं की भांडण झालं तर परदेशातल्या एका लवाद केंद्राकडे ते सोपवीन. तिथे सगळं कागदावर चालतं. कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, नाव आमच्या नावासारखं आहे. दोन, समोरच्याचा त्या नावाशी रास्त संबंध नाही. तीन, त्याने ते बेइमानीने घेतलं आणि वापरलं. तिन्ही सिद्ध झाल्या तर नाव गेलं.

"नावाचं काय ते पाहू," प्रल्हादभाऊ म्हणाले. "पण थे बेइमानी खोडून टाका साहेब. निकाल इंटरनेटवर छापतात म्हणे. माह्या नावासमोर थो शब्द आला तं कोन्तं हाटेल बोलावंल मले?"

मी म्हणालो, "काळजी करू नका भाऊ. वीस दिवस आहेत."

आणि मग मी ते केलं, जे मी पंचवीस वर्षं करत आलो आहे. तारीख मागितली.

लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप करून. 'प्रतिवादीचे वकील परगावी असल्याने व अशिलाची प्रकृती बरी नसल्याने म्हणणे देण्यास पुढील तारीख मिळावी.' रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोस्टमास्तरने परदेशाचा पत्ता पाहून मला खुर्ची दिली. मी घरी आलो आणि गठ्ठा कपाटावर ठेवला. तारीख मागितली की ती मिळालेलीच असते. माझ्या हयातीत कोणी नाकारलेली नाही.

सोळाव्या दिवशी प्रल्हादभाऊ कागद घेऊन आले. केंद्राचा ईमेल होता. चार ओळी. आपलं पत्र मिळालं. या प्रक्रियेत सुनावणी नसते, त्यामुळे तारीख देण्याचा प्रश्न येत नाही. मुदतवाढीला सबळ कारण दिसत नाही. उत्तराची मुदत चार दिवसांनी संपते.

माझी बायको सुनंदा शाळेत इंग्रजी शिकवते. ईमेल तिला दाखवावाच लागला.

"तुम्ही त्याहिले तारीख मागितली?"

"पद्धत आहे."

"अन् परगावी कधी गेलते तुम्ही?"

"तसं लिहायची पद्धत आहे."

"अन् प्रल्हादभाऊची तब्येत?"

"गुडघे..." मी म्हणालो.

तिने गठ्ठा कपाटावरून काढला आणि जेवणाच्या टेबलावर बसून वाचायला घेतला. जे मी सोळा दिवसांपूर्वी करायला हवं होतं. चाळिसाव्या पानावर ती थांबली.

"हे वाचलं का तुम्ही?"

नव्हतं. तिने मराठीत सांगितलं. सहज, पोरांना धडा सांगावा तसं. कंपनीने लिहिलं होतं: प्रतिवादी हा भारतातल्या एका दुर्गम, कापूस पिकवणाऱ्या, आर्थिक संकटातल्या जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, नकाशासाठी अ‍ॅनेक्श्चर नऊ पाहावे, परिस्थितीसाठी अ‍ॅनेक्श्चर दहा पाहावे. अशा ठिकाणच्या व्यक्तीचा उंची शॅम्पेनशी कोणताही प्रामाणिक संबंध असणं संभवत नाही. म्हणून त्याने नाव घेतलं ते बेइमानीनेच.

नकाशा कशाला लावला, ते आता कळलं.

मी तसा थंड माणूस आहे. कोर्टात समोरच्याने शिवी दिली तर मी ती नोंदवून घ्या म्हणतो. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. माझ्या कपाटात बियाण्याच्या केसेसच्या तीस फायली होत्या. प्रत्येक फायलीत कंपनीचं उत्तर एकच: शेतकऱ्याने पाकिटातल्या पत्रकावरच्या सूचना वाचल्या नाहीत. भोवती साध्या कपाशीच्या किती ओळी लावायच्या, कोणत्या जमिनीत किती अंतर ठेवायचं. पत्रक बारीक इंग्रजीत. म्हणजे बियाणं विकताना धामणगावच्या माणसाला इंग्रजी आलंच पाहिजे, जनुकं कळलीच पाहिजेत. आणि त्याच माणसाने इंग्रजीत शॅम्पेनवर चार शब्द लिहिले की तो लफंगा! आमची हलाखी आम्हालाच अ‍ॅनेक्श्चर करून लावली. आमच्या दुःखाची बातमी, आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून!

"ओरडू नका," सुनंदा म्हणाली. "लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊंना बोलावलं. बियाण्याच्या केसमध्ये मी पहिला प्रश्न विचारतो तोच विचारला. "पिशवी, टॅग, पावती, काय काय ठेवलंय?" आमच्या भागात शहाणा शेतकरी पेरणी झाल्यावर बियाण्याची रिकामी पिशवी फेकत नाही. पिशवी, लॉट नंबरचा टॅग आणि मूठभर दाणे डब्यात ठेवतो. पीक फसलं तर पंचनाम्याला तेच लागतं. वीस-पंचवीस वर्षं कोरडवाहू शेती केलेल्या घरात ही सवय हाडात गेलेली असते.

"सगळंच हाय," ते म्हणाले. "मायनं कागद फेकूच देल्ला नाही कधी."

दुपारी मोठा पत्र्याचा डबा आला. वर बी.टी.च्या पिशव्या, वर्षावार, सुतळीने बांधलेल्या. खाली बोटीच्या नोकरीची पत्रं, शॅम्पेनच्या ट्रेनिंगची दोन सर्टिफिकेटं, हॉटेलांची बोलावणी. आणि एक ईमेलचा प्रिंट, घडीवर फाटलेला.

मी तो वाचला. मग सुनंदाला वाचायला दिला, माझा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. सात वर्षांपूर्वीचा होता. त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा. आपल्या साइटवरचं नकली बाटल्यांचं पान आमच्या लोकांना फार उपयोगी पडलं, आभार. मात्र तिसऱ्या फोटोतलं लेबल जुनं आहे, सोबत नव्या लेबलचा फोटो पाठवत आहोत, तो लावावा.

"मंग लावला ना मी थो फोटो," प्रल्हादभाऊ म्हणाले. "अजून हाय तिथं."

"भाऊ, हे मला पहिल्या दिवशी का नाही दाखवलं?"

"तुमी इचारलंच नाही. तुमी म्हनले, काळजी करू नका."

सुनंदा दुसरीकडे पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते.

कंपनीच्या अर्जात तर स्वच्छ लिहिलं होतं की ही साइट आम्हाला याच वर्षी कळली. आता जिल्हा पातळीवरच्या वकिलाला बाकी काही येवो न येवो, उलटतपासणी येते. तिचा पहिला नियम असा की कागद आधी दाखवायचा नाही. साक्षीदाराला आधी 'नाही' म्हणू द्यायचं. मी कंपनीच्या मुंबईच्या वकीलबाईंना फोन लावला. बाई फार गोड बोलत होत्या.

"सर, तुमच्या क्लायंटने नाव ट्रान्स्फर केलं की मॅटर क्लोज. आम्ही खर्चसुद्धा मागणार नाही."

"उपकार आहेत मॅडम. एक विचारू का? तुमच्या कंपनीने आमच्या माणसाला याआधी कधी पत्रबित्र पाठवलं होतं का?"

"नाही सर, कधीच नाही. आम्हाला ही साइट याच वर्षी कळली."

"एवढंच मला ईमेलवर लिहून द्याल का? अशील खेड्यातला आहे. तोंडी सांगितलेलं ऐकत नाही."

"शुअर सर. आय अंडरस्टँड."

अर्ध्या तासात ईमेल आला. 'आमच्या अशिलाने प्रतिवादीशी यापूर्वी कधीही संपर्क केलेला नाही.' मी तो दोनदा वाचला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ईमेल या गोष्टीबद्दल मला प्रेम वाटलं.

एक अडचण उरली होती. प्रल्हादभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अठरा वर्षं शॅम्पेन सांभाळली, हजारो बाटल्या उघडल्या, पण थेंब घेतलेला नाही. मला ही गोष्ट उत्तरात यायला नको होती. मी म्हटलं, "भाऊ, हे उत्तरात नको. ते म्हणतील, चाखली नाही आणि मार्गदर्शक कसला?"

"साहेब, साइटच्या पहिल्या पानावरच हाय थे. 'मी पीत नाही. चव दुसऱ्याले इचारा, बाटलीचं मले इचारा.' आता लपवू?"

"लपवू नका हो, फक्त आपणहून सांगू नका."

"सोनार काय सोनं खाते का?" ते म्हणाले. "बेइमानीचा डाग पुसाले आलो मी तुमच्याकडं. तुमी नवा लावून राह्यले."

सुनंदाने ते वाक्य, सोनाराचं, जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं.

उत्तराचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: 'अत्यंत नम्रतापूर्वक व आदरपूर्वक निवेदन करण्यात येते की...' तिने ते खोडलं. दुसरा परिच्छेद खोडला, त्यात मी कंपनीच्या सात पिढ्यांबद्दल लिहिलं होतं. फ्रान्समधल्या द्राक्षाच्या शेतांचा नकाशा मी अ‍ॅनेक्श्चर म्हणून जोडणार होतो, गोल लाल शाईने काढून. तोही तिने काढला. एक वाक्य मात्र ठेवलं. 'शॅम्पेनसुद्धा शेतकऱ्यांच्याच गावात तयार होते.' त्यावर तिने बरोबरची खूण केली. लग्नानंतर मला मिळालेली ती पहिलीच.

विसाव्या दिवशी आम्ही मलकापूरला सायबर कॅफेत होतो. दुपारी लोडशेडिंग असायचं, म्हणून सकाळीच. एकेक अ‍ॅनेक्श्चर चढवताना निळी पट्टी पुढे सरकायची, थांबायची, आणि आमचे तिघांचे श्वासही थांबायचे. आठवं चढलं आणि वीज गेली. कॅफेवाल्याचं इन्व्हर्टर होतं, ते पंधरा मिनिटं चाललं. नवव्याला ते टिकलं. माझं नववं अ‍ॅनेक्श्चर म्हणजे वकीलबाईंचा ईमेल आणि त्याच्याखाली, त्याच पानावर, सात वर्षांपूर्वीचा तो आभाराचा ईमेल. एकाखाली एक. मी एक शब्दही लिहिला नाही. सुनंदा म्हणाली, हे पहिल्यांदाच झालं असेल.

निकाल महिनाभराने आला. तो मी माझ्या ऑफिसात प्रल्हादभाऊंना मराठीत वाचून दाखवला. नाव कंपनीच्या नावासारखं आहे, हे बरोबर. पण या माणसाला विषयाची वर्षानुवर्षांची, कामातून मिळालेली माहिती आहे. ती साइट कंपनीची नाही, हे त्याने पहिल्या पानावर लिहिलं आहे. आपण मद्य घेत नाही, हेही लिहिलं आहे, आणि जो इतकं सांगतो त्याला फसवायचं होतं असं म्हणणं कठीण आहे. कोण कोणत्या गावात राहतो, यावरून त्याला काय ठाऊक असेल ते ठरवता येत नाही. अ‍ॅनेक्श्चर नऊ व दहा अप्रस्तुत आहेत आणि ते जोडायला नको होते. अर्ज फेटाळला.

"अन् बेइमानी?" प्रल्हादभाऊ खुर्चीच्या टोकावर आले होते.

"आहे ना. शेवटच्या परिच्छेदात."

त्यांचा चेहरा उतरला.

"तुमची नाही हो. त्यांची. स्वतःचं पत्र लपवून खोटं निवेदन केलं आणि या प्रक्रियेचा गैरवापर केला. अर्ज बेइमानीने आणला, असं लवादाने लिहिलंय. कंपनीच्या नावासमोर."

त्यांनी निकालाचा कागद आपल्याकडे ओढला. "थे पन इंटरनेटवर छापतीन?"

"छापलंय."

"मंग दंड काय त्याहिले?"

"काही नाही."

"माफी?"

"काही नाही. नियमांत तशी सोयच नाही. फक्त लिहून ठेवतात."

मी चिडलो होतो, ते नव्हते. माझ्या मनात हिशेब चालू होता की उलट झालं असतं तर या माणसाचं नाव, साइट, हॉटेलांचं काम, सगळं एका ओळीत गेलं असतं. आणि ज्यांनी आमच्या गावावर लाल गोल काढला, त्यांना साधं 'चुकलं' म्हणायचीही सक्ती नाही. त्यांच्या पुढच्या बाटलीचं बूच तसंच उडणार. मी हे सगळं मोठ्याने बोलत होतो बहुतेक, कारण प्रल्हादभाऊ हसले.

"साहेब, लिहिलं ना त्याहीनं? बस झालं. उद्या गोव्याच्या हाटेलवाल्यानं इचारलं तं दाखवता येईन." मग उठले. "चला, वेचनीवाल्या बाया शेतात बसल्या असतीन. कापूस वल्ला झाला तं कोनता लवाद यिईन?"

गेले. मी निकालाच्या प्रती काढल्या, एक कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये चिकटवली. कोणी वाचली नाही, इंग्रजीत होती.

नवीन वकील मुलं कधी विचारतात, त्यांना मी या केसमधून दोनच गोष्टी सांगतो. नोटीस किती जाड आहे हे पाहून घाबरू नये, तिच्यात काय लिहिलेलं नाही ते आधी शोधावं. आणि समोरचा खोटं बोलणार असेल तर त्याला मध्ये थांबवू नये. लेखी मागावं.